‘साहेबांच्या ऑफिसमधून बोलतेय’

ताई,

मी परभणी जिल्ह्यातली, वय २६. दोन वर्षांपासून दिल्लीत एका खासदारांच्या ऑफिसात काम करते. पक्ष सांगत नाही, कारण तो दुसरा असता तरी हे पत्र असंच लिहिलं असतं. भाषणांचे मुद्दे काढायचे, संसदेतले प्रश्न तयार करायचे, विधेयकं वाचायची, असं काम सांगितलं होतं. ते असतंच, पण निम्मा दिवस फोनवर जातो. कुणाचं तिकीट, कुणाची बदली, कुणाच्या मुलाची अ‍ॅडमिशन.

या शहरात मला पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट विचारतात, ‘आप किसके यहाँ हैं?’ खोली भाड्याने घेताना, गॅसची नोंदणी करताना, अगदी मैत्रिणीच्या लग्नातसुद्धा. उत्तर दिलं की समोरच्याच्या चेहऱ्यावरून कळतं आपली किंमत किती लावली ते. आधी संताप यायचा. आता नवीन माणूस भेटला की मीच त्याला तसं विचारते.

गेल्या महिन्यात गावाकडचे एक काका आले. डोक्यात गाठ असल्याचा संशय. इथल्या एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलात एमआरआयची तारीख चार महिन्यांनंतरची मिळाली. मी तिथेच उभी राहून फोन लावला, ‘साहेबांच्या ऑफिसमधून बोलतेय’ म्हटलं. वीस मिनिटांत तारीख त्याच आठवड्यातली झाली. काकांनी माझ्यापुढे हात जोडले, म्हणाले, ‘माय, देवासारखी उभी राहिलीस.’ त्यांच्या मागे बिहारकडची एक बाई होती, मांडीवर सात-आठ वर्षांचा मुलगा, हातात तसाच कागद. तिने सगळं ऐकलं होतं. मला एवढंच म्हणाली, ‘दीदी, ये नंबर किसका है?’ मी उत्तर न देता निघून आले.

त्या रात्री आई फोनवर म्हणाली, ‘तुझा आवाज बदललाय गं.’

ताई, मला दिल्ली मनापासून आवडते. ऑक्टोबरातला सप्तपर्णीचा वास, हिवाळ्यातलं दुपारचं ऊन, कुठल्याही रस्त्यावर अचानक समोर येणारा जुना घुमट. आणि इथल्या या सत्तेच्या वागण्याची शिसारी येते. परत यावं का? की राहिले तर मीही तशीच होईन?

– स.

प्रिय स.,

‘ये नंबर किसका है?’ इथपर्यंत वाचलं आणि पत्र बाजूला ठेवून मी थोडा वेळ नुसती बसून राहिले. त्या बाईने तुला दोष दिला नाही. तिला फक्त नंबर हवा होता, तिच्या मुलासाठी.

मी दिल्लीत एकवीस वर्षं काढली. एका मंत्रालयात हिंदी अनुवादक होते, आर. के. पुरममध्ये सरकारी क्वार्टर होतं. आता निवृत्त होऊन नाशिकला राहते. तू लिहितेस त्यातलं बरंच मी जवळून पाहिलेलं आहे.

माझा मुलगा तिसरीत असताना मित्राच्या वाढदिवसाहून आला आणि बूट काढता काढता त्याने विचारलं, ‘आई, आपला टाइप कितवा?’ सरकारी घरांना टाइप असतात, पगारानुसार. आमचं टाइप-टू, दोन खोल्या आणि मागे कपडे वाळत घालण्यापुरती बाल्कनी. ज्याचा वाढदिवस होता त्यांचं टाइप-फाइव्ह, पुढे हिरवळ. केक कापायच्या आधी मुलांनी एकमेकांचे टाइप विचारून घेतले होते. मी ‘टू’ म्हटलं. तो म्हणाला, ‘म्हणजे खालून दुसरा?’ आणि हात धुवायला गेला. नळ सुरू ठेवून तो बराच वेळ तसाच उभा होता. आठ वर्षांचं पोर. ती पाठमोरी आकृती मला अजून दिसते.

तेव्हा मलाही तुझ्यासारखंच वाटलं होतं की ही माणसंच अशी. पुढे कळत गेलं की हे आधी जमिनीवर आखलं गेलं होतं. १९११ च्या डिसेंबरात दिल्ली दरबारात राजधानी कलकत्त्याहून इथे हलवायची घोषणा झाली, १९३१ मध्ये नव्या दिल्लीचं उद्घाटन झालं. मधल्या वीस वर्षांत इंग्रजांनी जे शहर उभं केलं त्यात कुणी कुठे राहायचं हे हुद्द्यावरून ठरवलं होतं. रायसीना टेकडीवर व्हाइसरॉय, त्याच्या जवळपास मोठ्या बागांचे बंगले, आणि कारकुनांची घरं लांब गोल मार्केटकडे. पत्ता सांगितला की पगार कळत होता. स्वातंत्र्यानंतर आपण ते सगळं आहे तसंच वापरायला घेतलं. २०१६ मध्ये रेस कोर्स रोडचा लोककल्याण मार्ग झाला, २०२२ मध्ये राजपथाचा कर्तव्यपथ झाला. २०१७ च्या मे महिन्यात गाड्यांवरचे लाल दिवे गेले, आणि तो निर्णय मला खरोखर चांगला वाटला होता. पण मंत्रिमंडळात फेरबदल झाला की आमच्या ऑफिसात पहिली चर्चा बंगल्यांचीच व्हायची. खातं कुणाला मिळालं ते नंतर.

तरी एक गोष्ट तुला स्पष्टच सांगते, राग मानू नकोस. हे सगळं दिल्लीचं म्हणून सोडून देता येणार नाही. तुझा फोन दिवसभर वाजवतं कोण? परभणीच ना? आपल्याकडे गावात सरपंचाची चिठ्ठी चालते, तालुक्याला आमदाराच्या पीएचा फोन चालतो, जिल्ह्याच्या ठिकाणी कुणीतरी ‘आपला माणूस’ असतो. तू दिल्लीला गेलीस आणि गावाला आणखी एक आपला माणूस मिळाला. दिल्लीत एवढंच आहे की ही वाट तिथे येऊन संपते, त्यामुळे तिथे ती उघडी दिसते. तू परत आलीस तरी हे तुला भेटणारच आहे, फक्त मराठीत.

आता काकांबद्दल. तुझ्या जागी मी असते तर मीही फोन केला असता. डोक्यात गाठ असेल असं वाटतंय, चार महिने थांबा म्हणताहेत आणि हातात फोन आहे, तेव्हा तो खिशात ठेवणं मला जमलं नसतं. त्यासाठी स्वतःला कोसत बसू नकोस. पण यंत्र तेवढंच असतं आणि दिवसाचे तासही तेवढेच. काकांचा नंबर पुढे आला तेव्हा कुणाचा तरी मागे गेला. त्या मुलाचाच गेला असेल असं नाही, पण कुणाचा तरी गेलाच. तुला तेच सलतंय. ते सलायलाच हवं, ते थांबलं की मग मात्र मला तुझी काळजी वाटेल.

त्या सलण्याचं करायचं काय, हे मात्र तुझ्या टेबलावरच पडलेलं आहे. तू संसदेतले प्रश्न तयार करतेस असं एका ओळीत लिहून पुढे गेलीस. मी त्याच कामाच्या पलीकडच्या टोकाला एकवीस वर्षं बसले होते, म्हणून तिथून ते कसं दिसतं ते सांगते.

अधिवेशन सुरू झालं की आमच्या विभागात रजा मिळत नसे. वर ‘संसद प्रश्न’ अशी चिठ्ठी लावलेली फाईल आली की बाकीच्या सगळ्या फायली खाली जायच्या. उत्तर इंग्रजीत तयार व्हायचं, वरपर्यंत सह्या होऊन यायचं आणि मग रात्री आठ-साडेआठला आमच्याकडे हिंदीसाठी, कारण दोन्ही भाषांतल्या प्रती वेळेत पोचवाव्या लागत. एका हिवाळी अधिवेशनातली गोष्ट. एका योजनेतली किती पदं रिकामी आहेत, राज्यवार सांगा, असा साधा अतारांकित, म्हणजे लेखी उत्तराचा, प्रश्न आला होता. आमच्या सेक्शन ऑफिसरने कपाटं उघडली तर तशी यादीच नव्हती. ती तोपर्यंत कुणी केलीच नव्हती. तीन दिवस राज्यांना फोन, फॅक्स, पुन्हा फोन. मी तो तक्ता हिंदीत उतरवला तेव्हा थंडीने बोटं वळत नव्हती आणि तरी मला आत कुठेतरी बरं वाटत होतं, कारण रिकाम्या खुर्च्या पहिल्यांदा आकड्यात दिसत होत्या. त्यानंतर महिन्याभरात ती पदं भरण्याचं परिपत्रक निघालं, तेही मीच हिंदीत केलं. ज्या खासदाराच्या नावावर तो प्रश्न होता त्यांच्या ऑफिसात कुणीतरी तुझ्यासारखं बसलेलं असणार. त्या मुलीला किंवा मुलाला हे कधी कळलंही नसेल.

लोकसभेत एका दिवशी २० तारांकित प्रश्न असतात आणि अतारांकित २३०. तारांकितांना सभागृहात तोंडी उत्तर मिळतं, त्यावर टीव्हीचे कॅमेरे असतात, म्हणून सगळ्या ऑफिसांचं लक्ष तिकडे. तू अतारांकितांकडे बघ. त्यांचं उत्तर लेखी येतं, सभागृहाच्या पटलावर ठेवलं जातं आणि कायम राहतं. नोटीस निदान १५ दिवस आधी द्यावी लागते, प्रश्न १५० शब्दांच्या आत बसवावा लागतो आणि प्रत्येक मंत्रालयाचा वार ठरलेला असतो, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तर असं विचार: केंद्राच्या अखत्यारीतल्या दिल्लीतल्या हॉस्पिटलांत एमआरआयची यंत्रं किती, त्यातली चालू किती, बाहेरच्या रुग्णाला आज तारीख मागितली तर किती दिवसांनंतरची मिळते, यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञांची किती पदं रिकामी आहेत, आणि हा काळ कमी करायला काय केलं. काकांचं नाव कुठेही नको, एकट्या माणसाची तक्रार प्रश्नात घेतही नाहीत.

‘माहिती गोळा केली जात आहे, ती पटलावर ठेवण्यात येईल’ असं उत्तर आलं तर नाराज होऊ नकोस. हे वाक्य मी शेकडो वेळा हिंदीत केलंय. ते आश्वासन समजलं जातं, तीन महिन्यांत पूर्ण करायचं असतं, आणि त्याचा पाठपुरावा करायला सरकारी आश्वासनांची वेगळी समिती आहे. तारीख वहीत लिहून ठेव आणि तीन महिन्यांनी पुन्हा विचार. आमच्या विभागात सगळ्यात जास्त धसका असायचा तो मागे लागणाऱ्यांचा.

तू फोन लावलास तेव्हा एका माणसाची तारीख बदलली. या प्रश्नाने कदाचित एकाचीही बदलणार नाही, निदान लगेच. पण त्या बाईच्या ‘किसका है’ला देता येईल असं उत्तर मला तरी एवढंच सुचतं.

काका सचखंड एक्स्प्रेसच्या स्लीपरने आले असतील, तर ज्या बर्थवर ते झोपले त्याच्यावरची गादी कुठून आली माहीत आहे? पूर्वी दुसऱ्या वर्गाच्या स्लीपरला नुसत्या लाकडी फळ्या असायच्या. राजापूरचे खासदार मधू दंडवते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले आणि त्यांनी त्या फळ्यांवर दोन इंच फोम बसवायला लावला. त्या फोमसाठी कुणाला चिठ्ठी आणावी लागली नाही. माझे वडील तेव्हा पाठदुखीने हैराण असायचे आणि त्यांचा प्रवास सगळा रात्रीचा. ते दंडवत्यांच्या पक्षाचे नव्हते, पण त्यांचं नाव निघालं की आवाज खाली आणून ‘दंडवतेसाहेब’ म्हणायचे. दिल्लीतल्या ज्या राजकारणावर माझा जीव आहे, ते हे.

आणि उलट दिशेलाही काही घडतं. केंद्रीय विद्यालयांत प्रत्येक खासदाराला वर्षाला दहा मुलांची शिफारस करता यायची. म्हणजे दोन्ही सभागृहांचे मिळून साडेसात हजारांच्या वर प्रवेश नुसत्या पत्रावर. २०२२ मध्ये तो कोटा बंद झाला. तू त्यानंतर आलीस, म्हणून तुला त्या पत्रांसाठी एप्रिलमध्ये लागणाऱ्या रांगा माहीत नाहीत. खासदारांच्या ऑफिसातल्या माझ्या ओळखीच्या एका मुलाने तेव्हा मला सांगितलं होतं, ‘मॅडम, आता नाही म्हणायला कारण मिळालं.’ त्याच्या आवाजात सुटका होती.

आता गावाकडच्या फोनांचं. सगळेच फोन वाईट नसतात, त्यातला फरक तुलाच करावा लागेल. कुठल्या खिडकीवर जायचं, कागद कोणते, रात्री कुठे राहायचं, हिंदी येत नसेल तर सोबत कोण येईल, हे जेवढं विचारतील तेवढं सांग, त्यात हात आखडू नकोस. कुणाचं पेन्शन नियमात बसूनही अडकलं असेल तर साहेबांच्या सहीचं पत्र लिही, खासदार त्यासाठीच असतो. रेल्वेचा आपत्कालीन कोटा आजाऱ्यासाठी मागायला काही हरकत नाही, आजारपणाची निकड त्यात धरतात. साखरपुड्याला जायचं म्हणून मागितला तर ‘नाही’ म्हण. बदलीला ‘नाही’ म्हण. दोन-चार घरं तुटतील, ‘पोरगी दिल्लीला जाऊन चढली’ असं बोलतील. आईला आधीच सांगून ठेव, म्हणजे कुणी घरी येऊन बोललं तर तिला एकटीला ऐकून घ्यावं लागणार नाही.

आणि ते वाक्य बदल. ‘साहेबांच्या ऑफिसमधून बोलतेय’ हे आधी म्हणण्याऐवजी आधी स्वतःचं नाव सांग, मग काम सांग. ऑफिस विचारलं तर सांग. पंधरा दिवस करून बघ. काही कामं होणार नाहीत, पण कुठली झाली आणि कुठली अडली हे बघशील तेव्हा तुला या शहराबद्दल माझ्या पत्रापेक्षा जास्त कळेल. नवीन माणसाला ‘किसके यहाँ’ विचारायचं तर आजपासूनच सोड. त्याऐवजी ‘जेवलात का?’ विचार. आपल्याकडे तसंच विचारतात.

परत यावं का, हे तू सरळ विचारलंस. मला वाटतं तू दोन गोष्टी एकत्र बांधल्या आहेस, साहेबांचं ऑफिस आणि दिल्ली. चिंतामणराव देशमुखांचं आठव. मुंबई केंद्रशासित ठेवायचं ठरलं म्हणून १९५६ मध्ये त्यांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. महाराष्ट्रात त्यांच्यासाठी पायघड्या घातल्या गेल्या असत्या. पण खुर्ची सोडून ते दिल्लीतच राहिले. विद्यापीठ अनुदान आयोगाचं काम केलं, पुढे दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले, लोदी गार्डनला लागून असलेलं इंडिया इंटरनॅशनल सेंटर उभं करण्यात पुढे होते. तू लोदी गार्डनमध्ये जातच असशील. पुढच्या वेळी त्या बाजूच्या फाटकाने बाहेर पड.

तर तो एमआरआयचा प्रश्न लिहून साहेबांपुढे ठेव. त्यांनी नोटिशीला होकार दिला, निदान वाचून दोन शब्द सुचवले, तर तिथे अजून राहण्यासारखं आहे. ‘हे कशाला, उगाच हॉस्पिटलवाले नाराज होतील, उद्या आपलंच काम अडेल’ असं म्हणाले, तर ऑफिस सोड. शहर सोडायची घाई नको. विधेयकांचा आणि संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या संस्था तिथेच आहेत, दोन वर्षं आतून पाहिलेली माणसं त्यांना हवी असतात. आणि महिनाभर थांबून, हिवाळा पाहून, मग तुला परभणीच हवीशी वाटली तर खुशाल ये. तिथे माहितीच्या अधिकारात अर्ज कसा लिहावा हे येणारी मुलगी असणं काही कमी नाही.

तोवर रविवारी महिला हाटला जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो तिथे जा. पूर्वी तो दर्यागंजच्या फुटपाथवर असायचा, २०१९ मध्ये इकडे आला. किंवा जुन्या दिल्लीत स्टेशनसमोरच्या दिल्ली पब्लिक लायब्ररीत जाऊन बस, १९५१ पासून ती सगळ्यांना उघडी आहे. ज्या वर्षी माझ्या मुलाने टाइप विचारला त्या वर्षी मी त्याला दर शनिवारी तिथे न्यायला लागले. आमच्या टेबलावर रिक्षावाले पेपर वाचायचे, कॉलेजची मुलं वह्या उतरवायची, आणि तिथे त्याला कुणी काही विचारलं नाही.

प्रश्नाचा मसुदा झाला की मला पाठव, मी बघून देईन. आणि काकांना आज फोन कर. एमआरआयचा रिपोर्ट काय आला ते तू पत्रात लिहिलंच नाहीस.

– तुझी ताई